दुपारचं द्राक्षारिष्ट

माझ्या दिराला दारू चढते ती आधी कानांत. कान लाल होतात, मग आवाज मोठा होतो, आणि मग तो भेटेल त्याला शिस्त शिकवायला लागतो. हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. घरातल्या बाकीच्यांना त्याआधीपासून माहीत असणारच, पण आमच्या घरात दिसलेल्या गोष्टी बोलायच्या नसतात.

दीर म्हणजे श्रीहर्ष, पोलिसात सबइन्स्पेक्टर. हुबळीच्या कमरीपेठेतल्या मराठी घरांतून पोलीस अधिकारी झालेला हा पहिलाच, त्यामुळे त्याचं कौतुक सगळ्या पेठेला. शनिवारी नाक्यावर उभा राहून तो लोकांना दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लावायचा, आणि रविवारी जेवताना कोण कसा अडखळत फुंकत होता त्याच्या नकला करून आम्हाला हसवायचा. सासूबाई तर हसता हसता डोळे पुसायच्या. मीही हसले आहे, खोटं कशाला सांगू.

तर त्या रविवारी संध्याकाळी माझ्या मोबाइलवर जो व्हिडिओ आला, त्यात आवाज ऐकायची मला गरजच पडली नाही. मी कान बघितले.

जुन्या हुबळीतला रस्ता होता. श्रीहर्षची गाडी तिरकी उभी. तो सुट्टीवर, अंगात टी-शर्ट. रस्त्यावर ज्वारीचं पीठ सांडलेलं आणि त्या पिठात एक बाई बसलेली, उजवा हात डाव्या हातानं उचलून धरलेला. भोवती गर्दी. आणि हा त्या गर्दीवर ओरडत होता, "हिंद सरीरी! ना पोलीस अदीनि!" मागे व्हा, मी पोलीस आहे. त्या बाईकडे त्यानं एकदाही वाकून बघितलं नाही.

बाईला मी ओळखलं. भाग्यलक्ष्मी, आम्ही तिला भाग्यक्का म्हणतो. तिची जुन्या हुबळीत खानावळ आहे. दुपारी बारापासून तिच्या चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज सुरू होतो तो उन्हं उतरेपर्यंत थांबत नाही. त्या दुपारी पीठ संपलं म्हणून ती गिरणीतून पीठ घेऊन कडेकडेनं येत होती, गाडीनं तिला उडवलं. उजवं मनगट मोडलं. भाकरी थापणाऱ्या बाईचं उजवं मनगट.

ट्रॅफिकचा एक हवालदार तिथे आला. त्याचं नाव मला माहीत नाही, पण त्याचे आभार मानायला हवेत, कारण साहेब आहे म्हणून त्यानं सलाम ठोकला आणि सलाम ठोकून झाल्यावर मशीन पुढे केलं. श्रीहर्षला फुंकावं लागलं. आकडा जो यायचा तो आला. तेव्हा तो म्हणाला, "मी प्यायलेलो नाही. दुपारी घरी वडिलांनी द्राक्षारिष्ट दिलं होतं, त्याचं आहे हे." रक्त काढायला त्याला दवाखान्यात नेलं, पण काढलं ते दिवेलागणीला. एवढा उशीर का झाला हे कुणाला विचारायचं? पोलिसांनाच. रक्तात सापडलं ते अगदी थोडं, कुणी अरिष्ट म्हटलं तर अरिष्ट, दारू म्हटलं तर दारू.

आता हे द्राक्षारिष्ट त्याच्या तोंडात कुठून आलं ते सांगते. माझे सासरे मुकुंदराव यांचं काष्ठौषधींचं दुकान आहे. घरात आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, गावाचे ते मुकुंदअण्णा. पुढे सुंठ, ज्येष्ठमध, वावडिंग, हिरडे, बेहडे. मागच्या खोलीत चिनी मातीच्या मोठ्या बरण्या. त्यांत अप्पा काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालून अरिष्टं मुरत ठेवतात. मुरताना त्यात आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो. थोडा म्हणजे थोडाच. जेवणावर दोन चमचे घ्यायचे, त्यात तेवढंच पाणी घालायचं. त्यानं एखाद्याला चढायची असेल तर माणसानं बरणीतच उतरायला हवं.

पण दुकान चालतं ते बरण्यांवर नाही, अप्पांच्या शब्दावर. मुलगी बाळंत झाली की आईचा पहिला निरोप डॉक्टरला आणि दुसरा अप्पांना. कमरीपेठेत, दुर्गदबैलात कुणाचं कुणाशी बिनसलं तर दोन्हीकडचे येऊन आमच्या फळीवर बसतात. "अण्णा म्हणाले," एवढं सांगितलं की पुढचा माणूस गप्प. आणि तोंडाला दारूचा वास येत असलेला कुणी अरिष्ट मागायला आला तर अप्पा त्याला पायरी चढू देत नसत. "हे औषध आहे," म्हणायचे, "जा, आधी तोंड धुऊन ये."

त्या संध्याकाळी अप्पा झोपाळ्यावर बसले होते आणि झोपाळा हलत नव्हता. सासूबाई रडत होत्या. माझा नवरा धारवाडला बँकेत आहे, तो घरी पोचायचा होता. श्रीहर्ष अजून दवाखान्यातच.

"तुम्ही नुसतं हो म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं सांगून टाकलंय. आता घरच्यांनीच नाही म्हटलं तर पोराची वर्दी जाईल."

मला राहवलं नाही. "अप्पा, भावजी आज घरी जेवलेच नाहीत. सकाळीच गेले मित्राच्या वास्तुशांतीला."

"मधुवंती, तुला कुणी विचारलं का?" सासूबाई म्हणाल्या.

अप्पा म्हणाले, "मला ठाऊक आहे ते." एवढंच. मला वाटलं, झालं, अप्पांना ठाऊक आहे म्हणजे प्रश्न मिटला. माझी मीच निश्चिंत झाले आणि भात लावायला आत गेले. इतका भाबडेपणा माझ्या वयाला शोभत नाही.

सोमवारी सकाळी चौकशीवरचे इन्स्पेक्टर दुकानात आले. त्यांच्यामागून एक स्थानिक चॅनेलवाला माइक घेऊन. अप्पांनी धोतराचा सोगा सावरला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "रविवारी दुपारी जेवणावर मी स्वतः मुलाला द्राक्षारिष्ट दिलं. पोट बिघडलं होतं त्याचं. मात्रा जरा जास्त झाली असेल, चूक माझी आहे."

आवाज कापला नाही. कापला असता तर बरं झालं असतं. मी त्यांच्या मागे सुंठेची पुडी बांधत उभी होते आणि पुडी काही केल्या बांधली जात नव्हती.

माझी अपेक्षा होती की लोक हसतील. सगळ्या गावानं तो व्हिडिओ बघितलेला, त्याचं झुलणं बघितलेलं. आदल्या रात्रीपर्यंत रिक्षास्टँडवर एकच विषय होता, की आपण फुंकलं तर खटला, साहेबानं फुंकलं तर औषध. सोमवारी दुपारी हे बंद झालं. कुणी हसलं नाही. अण्णा म्हणालेत ना, मग तसंच असेल. पोलिसावर कुणाचाच विश्वास नव्हता, कधीच नसतो; अप्पांवर होता, आणि त्या विश्वासावर पोलीस सुटला.

संध्याकाळी श्रीहर्ष आला आणि वाकून अप्पांच्या पाया पडला. "अप्पा, वाचवलंत." अप्पांनी डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागे घेतले नाहीत.

आत खोलीत जाताना मला म्हणाला, "वहिनी, तोंड का पाडलंय? सगळेच घेतात. माझं नशीब खोटं, एवढंच. लोक आठ दिवस बोलतात आणि विसरतात."

"आणि भाग्यक्काचा हात?"

"दवाखान्याचं मी बघतो म्हटलंय ना. पण ती बाई सगळीकडे सांगत सुटलीय की वास येत होता म्हणून. तिला कुणीतरी समजावा."

तिला समजावायची गरज पडली नाही. ते काम जुन्या हुबळीनं आपणहून केलं. अण्णा खोटं बोलणार नाहीत, म्हणजे भाग्यक्का खोटं बोलते. पोलिसाला अडकवून पैसे काढायचा बेत असेल, असंही लोक बोलले. हे मला भाजीवालीनं सांगितलं, अगदी सहज, कोथिंबिरीची जुडी देता देता. मी म्हणाले, "असं नसेल हो." याहून जास्त काही माझ्या तोंडून निघालं नाही, आणि त्या दिवशीची कोथिंबीर मी तशीच विसरून आले.

मग मात्र अशी एक गोष्ट झाली की जी अप्पांच्या डोक्यात आली नव्हती, माझ्याही आली नव्हती.

शेजारच्या गल्लीतली वेदश्री नुकती बाळंत झालेली. तिची सासू दशमूलारिष्टाची अर्धी बाटली पदराखाली घेऊन आली आणि फळीवर ठेवली. परत द्यायची म्हणून नाही, घरात ठेवायला नको म्हणून. तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"अण्णा, राग मानू नका. पण बाळ अंगावर पितंय. आईच्या पोटात गेलं ते बाळाच्या पोटात जाणार. तुमच्या श्रीहर्षसारख्या तगड्या माणसाला जर एवढं चढलं..."

"अहो, पिढ्यान् पिढ्या बाळंतिणी घेतात हे," अप्पा म्हणाले. "तुमच्या स्वतःच्या बाळंतपणात माझ्या वडिलांनी दिलं होतं. दोन चमच्यांनी काही होत नाही कुणाला."

"मग श्रीहर्षला कसं झालं?"

अप्पा फळीवरची बाटली इकडून तिकडे सरकवत राहिले. एरवी या विषयावर तासभर बोलू शकणारा माणूस. काय बोलणार? अरिष्टानं चढत नाही म्हणावं तर मुलगा प्यायलेला होता. चढतं म्हणावं तर गावभरच्या बाळंतिणींना दारू पाजली. शेवटी म्हणाले, "मात्रा जास्त झाली होती." ती बिचारी मान हलवून गेली. तिनं तर यावरही विश्वास ठेवला. म्हणून तर बाटली परत घेऊन गेली नाही.

तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. काहीजणी आल्याच नाहीत, नुसत्या रस्ता बदलून जायला लागल्या. आणि पायरी चढायला लागली ती वेगळीच जत्रा.

दोन पोरं मोटारसायकलवरून आली, डोळ्यांना काळे चष्मे, केसांना तुरे. "अक्का, ते पोलीस अरिष्ट द्या."

"कसलं?"

"ते ओ, साहेबानं घेतलेलं. दोन बाटल्या द्या. एक गाडीच्या डिकीत राहू दे."

"कशाला?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. "पोट बिघडतं की री कधी कधी. शनिवारी विशेष बिघडतं."

मी त्यांना जे सुनावलं ते माझ्या माहेरच्या, मिरजेच्या मराठीत होतं आणि शेवटचं थोडं कन्नडमध्ये, म्हणजे दोघांनाही नीट पोचलं. पण अप्पा आत बसून ऐकत होते. पूर्वीचे अप्पा असते तर काठी घेऊन बाहेर आले असते. ते आले नाहीत. कुठल्या तोंडानं येणार होते?

त्या आठवड्यात आमची द्राक्षारिष्टाची विक्री कधी नव्हे इतकी झाली असती, मी होऊ दिली असती तर. रिक्षावाले आले, लॉजवरचा मॅनेजर आला, एक वकीलसुद्धा ड्रायव्हरला पाठवून गेला. आणि मग ठाण्यातून एका शिपायाचा फोन आला. मी उचलला. तो तक्रार करत होता की थट्टा, मला आजवर समजलं नाही. "अक्का, नाक्यावर जो सापडतोय तो तुमच्या दुकानाचं नाव घेतोय. मुकुंदअण्णांचं अरिष्ट घेतलं म्हणतात. एकाला तर नीट उभं राहता येईना, पण तुमचं नाव बरोबर पाठ. आम्ही काय करायचं सांगा. साहेबाचं मान्य झालं, मग ह्यांचं का नको?"

मी ते अप्पांना शब्दाला शब्द सांगितलं. मुद्दाम सांगितलं. मला त्यांचा राग आला होता, आणि रागापेक्षाही मला लाज वाटत होती, कारण ज्या माणसाचा मला अभिमान वाटायचा त्याचं नाव आता दारुड्यांना पाठ होतं. अप्पा ऐकून घेऊन मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बरण्यांमध्ये नुसते उभे राहिले. जेवायला बोलावलं तेव्हा म्हणाले, "भूक नाही." सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच गाडी चालवत होते.

पुढच्या मंगळवारी, दुपारची गिऱ्हाइकी संपत आली होती तेव्हा भाग्यक्का आली.

मी तिला रस्त्याच्या पलीकडेच बघितलं. आता ही भांडणार. भांडू दे, मनात म्हटलं, कुणीतरी भांडायलाच हवं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. चेहरा उतरलेला. पायरीपाशी आली आणि तिनं चपला काढल्या. दुकानात येताना कुणी चपला काढत नाही.

"बर्री, भाग्यक्का," अप्पा म्हणाले. या म्हणाले खरे, पण तिच्याकडे बघून नाही.

ती बसली नाही. "अण्णा," ती तिच्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाली, "माफी मागायला आले."

"कसली?"

"मी बोलले ना सगळ्यांपुढे, साहेबाच्या तोंडाला दारूचा वास येत होता म्हणून. खानावळीत बोलले, पोलिसांत लिहून दिलं. मग लोक म्हणाले, अण्णा स्वतः सांगतात, अरिष्ट होतं. मी चार दिवस विचार केला. पडले होते, हात दुखत होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. माझंच नाक चुकलं असेल. अण्णा कशाला खोटं बोलतील? माझ्या लेकीच्या बाळंतपणात तिला ताप आला तेव्हा अर्ध्या रात्रीत काढा करून दिला तुम्ही. त्या माणसाच्या घरावर मी चिखल उडवला. मला झोप नाही लागली हो."

आणि तिनं डावा हात पुढे करून वाकून अप्पांच्या पायांना लावला. उजवा तर बांधलेला होता.

अप्पा एकदम मागे सरकले. स्टूल पडलं. "नको, नको," म्हणाले, "भाग्यक्का, नको." मग भिंतीला टेकले आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं यांना काही होतंय. मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, "मधुवंती, थांब. तूही ऐक. तुला ठाऊक आहेच."

भाग्यक्का आमच्याकडे आळीपाळीनं बघायला लागली.

"तुमचं नाक चुकलं नाही," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी तो घरी जेवलाच नव्हता. मी त्याला काही दिलं नाही. तो प्यायलेला होता. मी खोटं बोललो."

बाहेरून हातगाडीवाला ओरडत गेला तरी ती तशीच उभी. मला वाटलं हिला मराठी नीट कळलं नाही, म्हणून मी कन्नडमध्ये सांगायला तोंड उघडलं. तिनं हातानं मला थांबवलं.

"कळलं," ती म्हणाली. "पण अण्णा, मी सकाळी ठाण्यात जाऊन आले. इन्स्पेक्टरांना सांगून आले, मी चुकले, वास-बीस काही नव्हता. त्यांनी लिहून घेतलं. माझा अंगठा घेतला. डाव्या हाताचा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्या लग्नानंतर मी त्यांना दुकानात बोडक्या डोक्यानं पहिल्यांदाच बघत होते.

"चला," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता जाऊ. मी सांगतो त्यांना."

दुकान उघडं टाकून आम्ही तिघं रिक्षानं गेलो. सासूबाई माडीवरून विचारत राहिल्या, कुठे, कुठे म्हणून. अप्पांनी वर बघितलं नाही.

इन्स्पेक्टर भले माणूस वाटले, म्हणजे त्यांनी अप्पांना खुर्ची दिली, चहा सांगितला. अप्पा बसले नाहीत. उभ्यानं सगळं सांगितलं, जसं शाळेत पोरगं उभं राहून सांगतं. मुलगा प्यायलेला होता, अरिष्ट खोटं, जबाब खोटा, मला काय शिक्षा असेल ती द्या. कोपऱ्यातले दोन शिपाई काम थांबवून ऐकत होते. त्यातला एक हसू दाबत होता. मला वाटतं तो फोन करणाराच असावा.

इन्स्पेक्टरांनी पेन बंद केलं. "अण्णा, बसा आधी. जरा माझं ऐका. आधी ह्या बाई म्हणाल्या दारू होती, तुम्ही म्हणालात अरिष्ट होतं. आज सकाळी ह्या म्हणाल्या दारू नव्हती. आता तुम्ही म्हणता अरिष्ट नव्हतं. कोर्टात तुमच्या मुलाचा वकील उभा राहून काय विचारेल? ह्यांतल्या कुठल्या दिवशी कोण खरं बोलत होतं?"

"आज मी खरं बोलतोय."

"त्या सोमवारी दुकानातसुद्धा तुम्ही असंच बोलत होता. याच आवाजात." हे त्यांनी अगदी हळू, अदबीनं म्हटलं. दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर खडसावून म्हटलं असतं.

अप्पांनी टेबलाला हात टेकला. "लिहून घ्या तरी."

"घेतो. लिहून घेणं माझं कामच आहे. पण घरी जाऊन विचार करा, ह्यानं काय होणार आहे ते. मुलाचं तर काही वाकडं व्हायचं नाही. तुमचंच नाव जाईल."

"ते गेलंय," अप्पा म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. अप्पांनी सही केली. भाग्यक्काला पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी सकाळचं परत घेते. वास होता." शिपायानं "हौद्री", बरं बाई, म्हणून कागद ओढला आणि पुन्हा एकदा तिचा डावा अंगठा शाईत बुडवला. त्याला या सगळ्याची गंमत वाटत होती आणि ती लपवायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत.

बाहेर आलो तर ऊन अजून बऱ्यापैकी होतं. अप्पा फाटकाशी थांबले. मी त्यांच्या मागे. भाग्यक्का अंगठ्याची शाई पदराला पुसत होती.

"भाग्यक्का," अप्पा म्हणाले, "पोलिसांपुढे मी सांगितलं. उद्या सकाळी जुन्या हुबळीत येऊन तुमच्या खानावळीसमोर उभा राहून सगळ्यांना सांगतो. तुम्ही खरं बोलत होता म्हणून."

"सांगा," ती म्हणाली. "सांगायलाच पाहिजे तुम्ही."

मग ती आणखी बोलली. तेव्हा ती अप्पांशी बोलत होती की स्वतःशी, मला नक्की सांगता येणार नाही. "पोलिसांचं काय, अण्णा. ते त्यांच्या माणसाला सांभाळणार हे आम्ही धरूनच चालतो. गाडी अंगावर आली तेव्हाच मी समजले होते की ह्याला काही होणार नाही. तुमचं तसं नव्हतं धरलं."

"माझं चुकलं," अप्पा म्हणाले.

"माझा नवरा दारूनं गेला. तुम्हाला माहीत आहे. रोज घरात तो वास. झोपेतसुद्धा मला कळायचं, आज किती प्यायलाय, कुठली प्यायलाय. तसला वास माझं नाक विसरेल का?" ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "तरी तुम्ही म्हणालात आणि मी माझ्या नाकाला खोटं पाडलं. हात मोडला तो जुळेल, डॉक्टर म्हणतात. पण आता मला कुणी काही सांगितलं की मी कुणाकडे बघू? आधी तुमच्याकडे बघत होते."

त्या घडीला मला श्रीहर्षची लाज वाटली नाही, तो त्या जागी पोचतच नव्हता. लाज वाटली ती आमच्या घराची, ज्या घरानं एका सरळ बाईला तिच्या स्वतःच्या नाकावर अविश्वास ठेवायला लावला, आणि तिला तो ठेवावासा वाटावा इतका चांगुलपणा आधी वर्षानुवर्षं साठवून ठेवला होता.

मी रिक्षा थांबवली. तिला एका हातानं चढणं अवघड जाणार म्हणून अप्पांनी पुढे होऊन आपला हात दिला. भाग्यक्कानं त्या हाताकडे बघितलं. मग शाईचा डावा हात रिक्षाच्या दांडीला धरून ती स्वतःच चढली, सावरून बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "नडी." चल.

अप्पांचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला. शेवटी मी तो धरून खाली केला.